अर्धा झाकलेला नकाशा

१८२४ साली प्रशियन सैन्यातल्या गेओर्ग फॉन राइसवित्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने बर्लिनमध्ये आपल्या वरिष्ठांपुढे युद्धाचा एक खेळ मांडला. टेबलावर १:८००० प्रमाणाचा नकाशा अंथरलेला, त्यावर तांबडे आणि निळे ठोकळे, एकेक ठोकळा म्हणजे सैन्याची एकेक तुकडी. दोन्ही पक्षांचे अधिकारी हुकूम देत, पंच ते नकाशावर बजावी आणि चकमकीचा निकाल फाशांवर लावी. खेळाची खरी मेख मात्र पंचाच्या एका अधिकारात होती. टेकडीआड दडलेल्या तुकडीचा ठोकळा तो टेबलावर ठेवीतच नसे. ती शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात आली की मगच ठोकळा नकाशावर येई. नकाशा सगळ्यांपुढे होता, पण पूर्ण माहिती एकट्या पंचाकडे होती. जनरल स्टाफचे प्रमुख जनरल म्युफलिंग या खेळावर इतके खूश झाले की त्यांनी तो सगळ्या सैन्याला शिकण्याची शिफारस केली.

हा पंच पुढे अटलांटिकपार गेला. चार्ल्स टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ हे युद्धखेळाचे पुस्तक काढले. जवळजवळ नव्वद वर्षांनी ते मिनेसोटातल्या डेव्हिड वेझलीच्या हाती लागले. १९६९ मध्ये वेझलीने ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा डाव रचला आणि त्यात खेळाडूंना पलटणींऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसनने हा धागा ‘ब्लॅकमूर’ या आपल्या डावात किल्ल्याखालच्या भुयारांपर्यंत नेला. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावचा गॅरी गायगॅक्स त्याला येऊन मिळाला आणि १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या १०००.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र चालवतो: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. उरलेला एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. भुयारात काय आहे, दाराआड कोण दबा धरून बसले आहे, हे त्याला ठाऊक असते. खेळाडू विचारतात, तो सांगतो, अडले की वीस बाजूंचा फासा टाकतात. राइसवित्झचा पंच तो हाच. दीडशे वर्षांत त्याच्यापुढचा प्रश्नही बदलला नाही: नकाशा दाखवायचा, पण किती?

वहीतून मॅटवर

सुरुवातीच्या काळात या प्रश्नाचे उत्तर फार सोपे होते. काहीच दाखवायचे नाही. डीएमचा नकाशा आलेख कागदावर काढलेला असे आणि तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे राही. डीएम तोंडाने सांगे, “तीस फूट सरळ जा, मग डावीकडे वळण, पुढे चौकोनी खोली.” खेळाडूंपैकी एक जण आपल्या आलेख कागदावर ते उतरवून घेई. त्याचे वळण एका चौकटीने चुकले की पुढचे सगळे भुयार चुके आणि परतीच्या वाटेवर मंडळी भलत्याच भिंतीपुढे येऊन उभी राहत. चुकलेला नकाशा हा त्या खेळाचाच भाग होता.

लढाया मोठ्या झाल्या तेव्हा हे अपुरे पडू लागले. कोण कुणापासून किती अंतरावर आहे, बाण पोहोचेल का, आगीच्या गोळ्याच्या घेऱ्यात आपलाच माणूस तर येत नाही ना, यावर वाद होऊ लागले. उपाय म्हणून टेबलावर चौकटी आखलेला विनाइलचा मॅट आला. त्यावर पाण्याने पुसता येणाऱ्या मार्करने भिंती काढायच्या आणि पात्रांच्या जागी साधारण तीन सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्या, ज्यांना खेळाडू ‘मिनी’ म्हणतात, उभ्या करायच्या. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून एक इंच म्हणजे पाच फूट हे प्रमाण पक्के झाले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर अंतरे सरळ चौकटींतच दिली होती.

मॅटचे दुखणे वेगळे. खेळाडूंनी दार उघडले की डीएम मार्कर उचलतो आणि खोली काढत बसतो. तेवढ्यात कुणी फोन काढतो, कुणी चहा आणायला उठतो. वेळ वाचवायला आधीच सगळे काढून ठेवावे, तर पुढच्या तीन खोल्या आणि त्यांच्यामधली गुप्त वाट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. झाकायचे तर वेळ जातो आणि वेळ वाचवायचा तर उघडे पडते. ही कोंडी फोडली ती कार्यालयांतून उतरवलेल्या प्रोजेक्टरने.

त्यामागचे तंत्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेकचे. त्याने १९८७ मध्ये एका चिपवर लाखो सूक्ष्म आरसे बसवायची युक्ती शोधली. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यामागे एक आरसा असतो आणि तो सेकंदाला हजारो वेळा कलून उजेड भिंगाकडे पाठवतो किंवा बाजूला टाकतो. या चिपवर चालणारे डीएलपी प्रोजेक्टर १९९६ मध्ये बाजारात आले. दुसरीकडे एलसीडीवर चालणारे प्रोजेक्टरही स्वस्त होत गेले. कार्यालये दर काही वर्षांनी नवे घेत आणि जुने मिळेल त्या किमतीला विकून टाकत. भिंतीवर तक्ते दाखवून दमलेले असे प्रोजेक्टर हौशी मंडळींनी छताला टांगले आणि त्यांची तोंडे खाली वळवली.

फुटपट्टी आणि भागाकार

टेबलावर नकाशा टाकायचा तर आधी थोडे गणित करावे लागते, आणि ते प्रोजेक्टर विकत घेण्याआधीच केलेले बरे. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. भिंगापासून पडद्यापर्यंतच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागले की हा आकडा मिळतो. समजा तो १.५ आहे आणि चित्र ४० इंच रुंद हवे आहे. मग भिंग टेबलापासून ६० इंचांवर, म्हणजे ५ फुटांवर हवे. टेबल अडीच फूट उंच धरले तर जमिनीपासून साडेसात फूट. साडेनऊ-दहा फूट उंचीच्या खोलीत हे बसते. चित्र ४८ इंचांचे करायला गेलात तर भिंग साडेआठ फुटांवर जाते आणि यंत्राची स्वतःची जाडी धरता छत जवळ येऊ लागते.

आता चौकटी. १२८० × ८०० ठिपक्यांच्या प्रोजेक्टरचे चित्र बरोबर ४० इंच रुंद केले तर प्रत्येक इंचाला ३२ ठिपके येतात आणि टेबलावर ४० × २५ चौकटी बसतात. पाच फुटांच्या हिशेबाने ते २०० × १२५ फुटांचे रणांगण झाले. १९२० × १०८० च्या यंत्राला ४८ इंच रुंदी दिली तर इंचाला ४० ठिपके आणि ४८ × २७ चौकटी. भागाकार असा पूर्ण अंकात येईल अशीच रुंदी निवडावी. अपूर्णांक आला की चौकटींच्या काही रेषा एका ठिपक्याच्या, काही दोन ठिपक्यांच्या होतात आणि जाळी डोळ्यांना खुपते. शेवटी टेबलावर फुटपट्टी ठेवून पडताळा घ्यावा: दहा चौकटी दहा इंचांत बसल्या पाहिजेत, आडव्याही आणि उभ्याही.

त्या बसत नसतील तर प्रोजेक्टर तिरका आहे. अशा वेळी ‘कीस्टोन’चे बटण दाबून चित्र चौकोनी करायचा मोह होतो. पण हे बटण भिंगाला हात लावत नाही. ते चित्रच आतल्या आत दाबून लहान करते, त्यात ठिपके वाया जातात आणि बारीक रेषा फिसकटतात. यंत्र सरळ बसवणे हाच खरा उपाय. आणखी एक गोष्ट बसवतानाच कळते. टेबलावर ठेवायच्या बहुतेक प्रोजेक्टरांचे चित्र भिंगाच्या सरळ रेषेत न पडता वरच्या बाजूला सरकलेले असते, कारण ते बैठकीच्या टेबलावरून वरच्या पडद्यावर टाकायचे असते. तोंड खाली केले की हेच सरकणे आडवे होते. म्हणून यंत्र टेबलाच्या मध्यावर न येता कडेला येते. आपल्याकडे छताच्या मधोमध पंखा असतो, तेव्हा ही गैरसोय सोयीची ठरते. पाती उजेडाच्या वाटेत आली तर नकाशा लुकलुकत राहतो.

दिव्याचे प्रोजेक्टर थेट खाली तोंड करून लावण्याआधी माहितीपुस्तिका वाचायला हवी. आतल्या पाऱ्याच्या दिव्यात प्रचंड दाब असतो आणि त्याची हवा खेळवण्याची व्यवस्था यंत्र आडवे आहे असे धरून केलेली असते. म्हणून अनेक कंपन्या उभ्या मांडणीला मनाई करतात. यंत्र आडवेच ठेवून भिंगापुढे ४५ अंशांत आरसा लावला की उजेड खाली वळतो. चित्र उलटे होते, ते यंत्राच्याच सेटिंगमधून सुलटे करता येते. आरसा मात्र घरातला नको. त्याचा मुलामा काचेमागे असतो, त्यामुळे काचेच्या पुढच्या पृष्ठावरूनही थोडा उजेड परततो आणि प्रत्येक भिंतीशेजारी एक फिकट भिंत दिसू लागते. दुर्बिणीत असतो तसा पुढून मुलामा दिलेला आरसा लागतो. लेझर किंवा एलईडीवर चालणारी अनेक नवी यंत्रे कोणत्याही कोनात चालतात, त्यांना हा खटाटोप नाही.

काळा रंग कुठून आणायचा?

दुकानदार जास्त ल्युमेनचा, म्हणजे जास्त उजेड फेकणारा, प्रोजेक्टर घ्या म्हणून सांगतो. इथे तो सल्ला फारसा लागू नाही. ४० × २५ इंचांचे चित्र म्हणजे सुमारे ०.६५ चौरस मीटर. त्यावर ३००० ल्युमेन ओतले तर साडेचार हजारांहून जास्त लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ल्युमेन, होतात, आणि कार्यालयात लिहिण्या-वाचण्यासाठी ५०० लक्स पुरेसे मानतात. भिंतभर चित्रासाठी बनवलेला उजेड टेबलाएवढ्या जागेत कोंबला की पांढरा कागद डोळ्यांवर येतो. त्यामुळे दिवा वापरून निम्मा मंद झालेला जुना प्रोजेक्टरही इथे छान चालतो आणि चांगल्या दिव्याचा ‘इको’ मोड लावून ठेवता येतो.

अडचण दुसऱ्या टोकाला आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. नकाशावर जिथे काळे आहे तिथे तो फक्त उजेड रोखतो. म्हणजे त्या जागी खोलीतल्या दिव्यात टेबल जितके उजळ दिसेल तितकाच तुमचा काळा रंग काळा. फासे वाचण्यापुरता ५० लक्सचा उजेड खोलीत आहे असे धरू. ३००० ल्युमेनच्या यंत्राचा पांढरा भाग त्याच्या ९० पटींहून उजळ दिसेल. खरे १०० ल्युमेन देणारा खिशातला मिनी प्रोजेक्टर घेतला तर हाच फरक जेमतेम चार पटींचा होतो आणि भुयार करड्या धुक्यात विरघळते. टेबलाला पांढरा, चमक नसलेला कागद किंवा कापड लावावे, दिवे मंद करावेत, आणि खेळाडूंच्या कागदांवर पडेल पण टेबलावर पडणार नाही अशा बेताने एखादा दिवा वळवून ठेवावा.

सावल्यांचेही गणित आहे. भिंग ६० इंचांवर आहे आणि चित्राची लांबची कड त्याच्या पायथ्यापासून २५ इंच दूर आहे असे धरा. तिथे उभ्या ३० मिलिमीटर उंच मिनीची सावली सुमारे साडेबारा मिलिमीटर पडते, म्हणजे तिच्या स्वतःच्या चौकटीतच मावते. आता तेवढेच चित्र ०.५ थ्रो रेशोच्या ‘शॉर्ट थ्रो’ यंत्राने टाकले तर भिंग टेबलापासून फक्त २० इंचांवर येते. सावली मिनीहून लांब होते आणि यंत्र बसलेल्यांच्या तोंडासमोर लोंबकळते. जवळून मोठे चित्र ही भिंतीसाठी सोय आहे, टेबलासाठी नाही.

उजेड वरून येत असल्यामुळे तो मिनींच्या डोक्यांवरही पडतो. गवतात उभा असलेला योद्धा हिरवा दिसतो, लाव्हाशेजारचा तांबडा. काहींना हे आवडते. ज्यांनी आठवडाभर बसून ती मिनी रंगवली आहे त्यांना आवडत नाही. ते पात्राखाली पांढरी चकती टाकायला सांगतात.

मशालीचा घेर

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर झाकण्यात आहे. एकेकाळी वर्गात ओव्हरहेड प्रोजेक्टरवर पारदर्शिका ठेवून सर तिच्यावर कोरा कागद धरत आणि एकेक मुद्दा शिकवून झाला की कागद खाली सरकवत. डीएमला नेमके हेच करायचे असते. पहिल्या हौशी मंडळींनी ते ‘गिंप’सारख्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केले. नकाशावर काळा थर चढवायचा, एक खिडकी लॅपटॉपवर, दुसरी प्रोजेक्टरवर, आणि खेळाडू पुढे सरकतील तसा काळा थर खोडरबराने पुसायचा. दार उघडल्यापासून खोली दिसेपर्यंत दोन सेकंद.

पुढे यासाठी खास सॉफ्टवेअर आली. फुकट मिळणारे ‘मॅपटूल’, २०१२ चे ‘रोल२०’, २०२० चे ‘फाउंड्री’. यांतली बरीचशी दूर दूर बसलेल्यांनी इंटरनेटवरून खेळावे म्हणून केलेली, पण डीएमचा पडदा वेगळा आणि खेळाडूंचा वेगळा ही सोय टेबलावर जशीच्या तशी कामी आली. त्यांत डीएम नकाशावरच्या भिंती रेषांनी दाखवून देतो. मग सॉफ्टवेअर पात्राच्या जागेपासून प्रत्येक भिंतीच्या टोकापर्यंत एकेक किरण सोडून पाहते, कुठला किरण कुठे अडतो ते टिपते आणि अडलेली टोके जोडून एक बहुभुज तयार करते. त्याच्या आतले दिसते, बाहेरचे काळे राहते. पात्र कोपऱ्यापाशी एक पाऊल पुढे गेले की बोळाचा एक तुकडा उजळतो.

त्यात उजेडाचे नियम मिसळतात. पाचव्या आवृत्तीत मशालीचा लख्ख उजेड २० फुटांपर्यंत आणि त्यापुढे आणखी २० फूट मंद उजेड असतो. टेबलावर हे चार इंच लख्ख आणि पुढचे चार इंच मंद असे वर्तुळ होते. मशाल विझली असे डीएमने म्हटले आणि कळ दाबली की टेबलच काळोखात जाते. छापील नकाशावर किंवा मॅटवर मशालीचा घेर खेळाडूंनी लक्षात ठेवायचा असतो आणि ते तो सोयीने विसरतात. इथे तो घेर खऱ्या उजेडाचा असतो. अंधारात बाण मारायला निघालेल्याला नियम समजावून सांगावा लागत नाही. १८२४ मध्ये पंच जे ठोकळे उचलून-ठेवून करी ते आता खेळाच्याच वेगाने होते, आणि ते काम करणाऱ्याला गोष्ट सांगायला दोन्ही हात मोकळे राहतात.

वरून की खालून?

हात आडवा आला की सावली पडते. यावर उजेड खालून आणायची कल्पनाही जुनी आहे. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सरफेस’ या नावाने एक टेबल जाहीर केले होते. त्याच्या पोटात डीएलपी प्रोजेक्टर आणि बोटे ओळखणारे इन्फ्रारेड कॅमेरे होते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी त्यावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा एक प्रयोगही करून दाखवला. घरी हे करायचे तर दुधी ॲक्रिलिकचा तक्ता आणि टेबलाखाली ६० इंचांची वाट लागते, म्हणजे पुन्हा आरसे आणि गुडघ्यांना जागा नाही. म्हणून ज्यांना खालूनच उजेड हवा ते आता टेबलात टीव्ही बसवतात. ४३ इंची टीव्हीचा पडदा सुमारे साडेसदतीस इंच रुंद. सावली नाही, दिवे लावून खेळता येते. पण टेबल कायमचे टीव्हीचे होते, आणि काचेवर चहा सांडायची भीती असते.

प्रोजेक्टरकडे एक गोष्ट अशी आहे जी टीव्हीला जमणार नाही. तो वस्तूंवर उजेड टाकतो. १९९१ च्या सुमारास केंब्रिजमधल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत पिअर वेल्नरने साध्या लाकडी टेबलावर प्रोजेक्टर आणि कॅमेरा टांगून खऱ्या कागदांवर संगणकाचे आकडे उमटवले होते. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ऑलिव्हर क्रेलॉस आणि सहकाऱ्यांनी वाळूच्या पेटीवर प्रोजेक्टर लावला. हाताने टेकडी केली की तिच्यावर समोच्च रेषा आपोआप सरकतात. खेळात हेच फार साधेपणाने होते. थर्माकोलचे पांढरे ठोकळे रचा, त्यांच्यावर दगडी भिंतीचे चित्र टाका आणि तासाभराने तेच ठोकळे बर्फाचे करा. राइसवित्झच्या वडिलांनी १८१२ मध्ये राजासाठी भूभागाच्या फरश्या जोडून युद्धाचे टेबल बनवले होते. त्या फरश्यांवरचा मुलूख मात्र रंगवला तो रंगवला.

बंद करायचे बटण

या सोयीची किंमतही आहे. सुंदर नकाशा टेबलावर आला की खेळाडू विचारणे सोडून बघू लागतात. पूर्वी कुणी विचारी, “खोलीत टांगलेले काही आहे का? झुंबर?” डीएमने तोवर झुंबराचा विचारही केलेला नसे, पण तो म्हणे, “आहे.” आणि पुढच्या क्षणी चोर त्याला लोंबकळत असे. चित्रातल्या खोलीत झुंबर काढलेले नसेल तर तो प्रश्नच कुणी विचारत नाही. शिवाय डीएमने तीन संध्याकाळी खपून भुयाराचा नकाशा केलेला असला की खेळाडूंनी भुयाराकडे पाठ फिरवून बाजाराची वाट धरणे त्याला परवडत नाही. नकळत तो त्यांना तयार नकाशाकडे हाकू लागतो. आणि आलेख कागदावर वळणे उतरवणारा तो चुकणारा गडी तर पहिल्याच दिवशी बेकार होतो.

म्हणून अनुभवी डीएम प्रोजेक्टर लढाईपुरता वापरतात. अंतर, आडोसा आणि उजेड यांच्यावर निकाल ठरणार असेल तर नकाशा टाकावा. बाजारातली घासाघीस, राजाचा दरबार, रात्रीचा मुक्काम यांना चौकटी लागत नाहीत. रिमोटवर चित्र क्षणभर काळे करणारे ‘ब्लँक’चे बटण असते आणि ते कसे वापरतो यावरून डीएमची पारख होते. प्रोजेक्टर घेतलेल्याला पहिल्या महिन्यात जेवढे दाखवता येईल तेवढे दाखवावेसे वाटते. नकाशे उतरवावेत, रंग भरावेत, पाणी हलते दाखवावे. हौस फिटली की तो उलट हिशेब करू लागतो: या खोलीतले काय न दाखवता चालेल? तो प्रश्न पडू लागला की यंत्राचे पैसे वसूल झाले असे समजावे.